किती मूर्ती?

नर्मदेच्या काठानं चालणाऱ्याला दिवस मावळताना एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘कितनी मूर्ति हैं?’ तिघे असतील तर ‘तीन मूर्ति’ असं उत्तर द्यायचं. हे वाक्य मराठीत कसं आणायचं? ‘किती जण आहात?’ असं केलं की अर्थ पोचतो, पण आदर गळून जातो. ‘किती मूर्ती?’ असंच ठेवलं तर मराठी वाचकाला भाद्रपदाच्या आधीचा गणपतीचा कारखाना आठवतो. मी बरीच वर्षं हिंदी आणि मराठीच्या मध्ये बसून काम करते आहे, तरी या तीन शब्दांचं समाधानकारक मराठी मला सापडलेलं नाही. कारण या प्रश्नात दोन कामं एकाच वेळी चालतात. विचारणारा समोरच्या धुळीनं माखलेल्या माणसाला देवाचं रूप मानतो आणि त्याच वेळी पीठ किती मळायचं याचा हिशेब करतो. दारात उभ्या असलेल्या बाईचे हात जोडलेले असतात आणि मन पिठाच्या डब्याकडे असतं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठीत नर्मदा परिक्रमेच्या अनुभवांची पुस्तकं मोठ्या संख्येनं आली. ती खपली, पुन्हा छापली गेली, आणि ती वाचून कितीतरी माणसं नोकरीतून रजा काढून किंवा निवृत्तीनंतर काठावर आली. या पुस्तकांबद्दल श्रद्धेनं पुष्कळ बोललं जातं, कधी उपहासानंही. साहित्य म्हणून त्यांच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. मला ती त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंनी वाचायची आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं : या लेखनानं प्रश्नातली ‘मूर्ती’ उचलली आणि ‘किती’ काठावरच सोडून दिलं.

ज्यांना परिक्रमा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भडोचपलीकडे समुद्राला मिळते. तिला उजव्या हाताला ठेवून, पात्र कुठेही न ओलांडता एका काठानं जायचं आणि दुसऱ्या काठानं परत यायचं. उपनद्या ओलांडता येतात, नर्मदा नाही. मुखाजवळ मात्र विमलेश्वराकडून नावेत बसून मिठीतलाईला उतरतात. चातुर्मासात चालायचं नाही. परंपरेनं सांगितलेली मुदत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. आजचे बहुतेक लोक पाच-सहा महिन्यांत पुरी करतात. नदीकाठची वाट म्हटल्यावर डोळ्यांपुढे सपाटी येते. प्रत्यक्षात ही वाट मैकल, सातपुडा आणि विंध्य या तीन डोंगररांगांतून जाते. एकेका नाल्यासाठी आत वळायचं, खाली उतरायचं, पलीकडे पुन्हा चढायचं. नकाशावर दोन बोटं दिसणाऱ्या अंतरात अख्खा दिवस जातो.

असा दिवस सगळ्या पुस्तकांत थोड्याफार फरकानं सारखाच असतो. उजाडण्यापूर्वी उठणं, थंड पाण्यात अंघोळ, बाटलीतल्या नर्मदाजलाची पूजा, झोळी बांधून निघणं. वाटेत कोणी चहा दिला तर तो ‘चाय प्रसादी’. सकाळच्या खाण्याला ‘बालभोग’. दुपारी झाड शोधायचं. पायाला आलेले फोड तपासायचे. अंधार पडण्याआधी देऊळ, धर्मशाळा, शाळेचा व्हरांडा किंवा कोणाची पडवी गाठून आसन लावायचं. साधूंच्या बोलीत मीठ म्हणजे ‘रामरस’ आणि मिरची म्हणजे ‘लंका’. जाड रोटीला ‘टिक्कड’. हे शब्द मराठी लेखक आवडीनं जसेच्या तसे उचलतात आणि ते योग्यच करतात, कारण त्यांच्याबरोबर एक जग येतं.

सगळ्यात अवघड शब्द ‘सदाव्रत’. परिक्रमावासीयाला कोरडं पीठ, डाळ, मीठ देतात आणि तो स्वतः शिजवून खातो, त्याला सदाव्रत म्हणतात. मराठीत जवळचा शब्द ‘शिधा’. पण शिधा म्हटलं की पूजा सांगून परतणारे भटजी डोळ्यांपुढे येतात. ‘माधुकरी’ म्हणावं तर ती शिजवलेल्या अन्नाची, आणि तिच्यामागे वार लावून शिकणाऱ्या ब्राह्मण मुलांचा इतिहास. ‘भिक्षा’ म्हटलं तर देणाऱ्याचा मान कमी होतो. प्रत्येक पर्याय एका जातीच्या स्वयंपाकघरात जाऊन थांबतो, आणि हा योगायोग नाही. कोरडं अन्न कोणाकडूनही घेता येतं, शिजवलेलं नाही, हा जुना नियम सदाव्रताच्या मुळाशी आहे. एकाच काठावर एका गावी पीठ मिळतं आणि दुसऱ्या गावी तयार जेवण, यामागे श्रद्धा आणि ऐपत जशी असते तशी ही रेषाही असते. शब्दाचा अनुवाद करताना ती दिसते. दिवसाचं वर्णन करताना ती का दिसू नये?

मराठीत ती पूर्वी दिसलेली आहे. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ या १९४९च्या संग्रहात ‘वाटचाल’ हा लेख आहे. पंढरीच्या वारीत त्या एका दिंडीबरोबर चालल्या. त्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे होते. चालणं, भजन एकत्र, पण जेवणाच्या वेळी दोन्ही गट वेगळे होत. कर्व्यांना त्याचा त्रास झाला आणि तो त्यांनी लिहिला. एका लेखात भक्तीचा आनंद आहे, पायांचा शीण आहे, महाराष्ट्र म्हणजे काय याचा शोध आहे, आणि या सगळ्याला चुलीजवळ तडा जातो तोही आहे. समाजशास्त्रज्ञ होत्या म्हणून त्यांना दिसलं, असं म्हणून हे टाळता येईल. पण दि. बा. मोकाशी समाजशास्त्रज्ञ नव्हते, कथाकार होते. १९६४च्या ‘पालखी’त ते आळंदीहून पंढरपूरला चालत गेले, आणि चालताना भोवतीच्या माणसांकडे आणि स्वतःकडे सारख्याच संशयानं पाहत राहिले. या दोन्ही लेखनांचे इंग्रजी अनुवाद झाले आणि महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना वारी बरीचशी त्यांतूनच कळली. मराठी पदयात्रेच्या लेखनाचा एक चांगला पाया इथे घातला गेला होता.

वारी आणि परिक्रमा यांत फरक आहे, हे खरं. वारीला वेळापत्रक असतं. मुक्काम ठरलेले, तंबू ठरलेले, स्वयंपाकाचं सामान गाडीत. परिक्रमेत माणूस एकटा किंवा दोघं-तिघं, आणि रात्रीचा निवारा अनोळखी घराच्या हातात. हिमालयातल्या वाटेवर तिसरीच रीत होती. काकासाहेब कालेलकर १९१२मध्ये स्वामी आनंद आणि अनंतबुवा यांच्याबरोबर हिमालयात चालत गेले. साताऱ्यात जन्मलेल्या या मराठी माणसानं तो प्रवास लिहिला तो गुजरातीत, ‘हिमालयनो प्रवास’ या नावानं. त्या काळच्या बद्री-केदारच्या वाटेवर चट्ट्या असत : दुकानदाराकडून पीठ-डाळ विकत घ्यायची, मग भांडी आणि रात्रीची जागा त्याच्याकडची. म्हणजे आतिथ्याचा खर्च पिठाच्या भावातच धरलेला. नर्मदेच्या काठावर असा भाव नाही. जे मिळतं ते कोणाच्या तरी घरच्या डब्यातलं कमी होऊन मिळतं. म्हणूनच तो डबा या लेखनात दिसायला हवा.

इथे माझ्या कामाबद्दल दोन वाक्यं. मी जबलपूरला रिछाईत राहते. हा भाग कारखान्यांचा आहे, नदी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पोटापाण्यासाठी मी यंत्रांच्या सूचनापुस्तिका आणि सुरक्षेची पत्रकं अनुवादित करते. या लेखनात एक शिस्त असते : कर्ता गाळायचा नाही. ‘झडप बंद केली जावी’ असं लिहून चालत नाही, कारण मग ती कोणीच बंद करत नाही. कोणी, केव्हा, कोणत्या हातानं, हे लिहावं लागतं. दिवसभर असं काम करून रात्री परिक्रमेचं पुस्तक उघडलं की माझं लक्ष क्रियापदांवर जातं.

जेवणाची सोय झाली. चहा मिळाला. आसन लागलं. अंथरूण-पांघरूण मिळालं. पोटभर प्रसाद झाला. या धाटणीच्या लेखनात अशी वाक्यं पानोपानी येतात. मराठीत ‘मिळणं’ आणि ‘होणं’ ही दोन क्रियापदं फार सोयीची आहेत. त्यांच्या आडून कर्त्याला सहज बाहेर जाता येतं आणि वाक्य जराही अडखळत नाही. हिंदीतही हे जमतं. इंग्रजीत न्यायला बसलं की वाक्य अडतं : कोणी दिलं? अनुवादक मूळ पानावर परत जातो, दोन परिच्छेद वर चाळतो, आणि तिथं कोणी नसतं. एक घर असतं, क्वचित ‘एक म्हातारी’, ‘एक आदिवासी’, ‘एक सज्जन’. सज्जनाची बायको उठून चूल पेटवते ते वाक्याबाहेर.

श्रद्धावान लेखक म्हणेल, कर्ता आहे की. देणारी मैय्या आहे. ‘सोय झाली’ म्हणजे तिनं केली. हे उत्तर हलकं नाही. परिक्रमेचा सगळा अनुभव याच विश्वासावर उभा आहे की माणसानं स्वतःची तरतूद सोडली की कोणीतरी करतं. भाषेनं त्या विश्वासाला साथ द्यावी हे स्वाभाविकच. पण या विश्वासाचा लेखनावर होणारा परिणाम पाहावा लागतो. या पुस्तकांमध्ये पुन्हा पुन्हा येणारा एक प्रसंग आहे. चालणारा रानात भुकेला आहे, वाट चुकलेली आहे. एक लहान मुलगी येते, भाकरी किंवा फळं देते, दोन शब्द बोलते. तो मागे वळून पाहतो तर ती नाही. ती मुलगी म्हणजे प्रत्यक्ष मैय्या होती, असं तो समजतो, आणि वाचकाचे डोळे भरून येतात. माझेही भरतात. पण सातपुड्याच्या उतारावरची एक मुलगी, जी आपल्या घरची भाकरी घेऊन डोंगर उतरली, ती देवी झाली की तिला आई उरत नाही, शाळा उरत नाही, संध्याकाळी तिच्या ताटात काय उरलं हा प्रश्नही उरत नाही. डोंगरातल्या मुली वळणाआड पटकन दिसेनाशा होतात, कारण पाऊलवाट त्यांच्या पायाखालची असते. एखाद्या लेखकानं चमत्कार मानूनही हे दुसरं वाक्य लिहिलं असतं, तर त्या मुलीला देवत्व आणि घर दोन्ही मिळालं असतं.

जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदेऽऽ हर हर’ हे या लाटेतलं सर्वांत गाजलेलं पुस्तक. त्याचं बळ त्याच्या बोलीत आहे. लेखक चहा-विडीची तलफ लपवत नाही, राग लपवत नाही, संतपणाचा आव आणत नाही. शरीर पानावर हजर असतं. म्हणूनच अश्वत्थाम्याच्या भेटीसारखे प्रसंग वाचकाला पेलतात. ज्यानं इतक्या मोकळेपणानं तलफ सांगितली तो हेही खरंच सांगत असेल, असं वाटतं. दैनंदिन तपशील इथे चमत्काराला तारण म्हणून ठेवलेला आहे. साहित्याच्या दृष्टीनं ही कारागिरी हुशार आहे. पण मागाहून आलेल्या अनेकांनी तिच्यातला चमत्कार घेतला आणि तारण ठेवायचं सोडून दिलं. मग दिवस नुसते मुक्कामांच्या नावांनी भरतात : आज अमुक गाव, इतके किलोमीटर, सोय उत्तम.

याच काठावरची जुनी मराठी कादंबरी मात्र उलट्या दिशेनं जाते. गो. नी. दांडेकर लहान वयात घर सोडून स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीनं बाहेर पडले, गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेच्या काठानं हिंडले. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ त्या हिंडण्यातून आली. तिच्या नावातच चालणाऱ्यानं स्वतःचं नाव काढून ठेवलं आहे. तो ‘कुणी एक’ आहे. आणि त्याला भेटणाऱ्या यशोदेला नाव आहे, दुःख आहे, स्वतःची गोष्ट आहे. आजच्या अनुभवकथनांशी ताडून पाहिलं तर अदलाबदल स्पष्ट दिसते. तेव्हा चालणारा निनावी आणि भेटणारा नावाचा. आता चालणाऱ्याचा फोटो मुखपृष्ठावर आणि भेटणारे ‘एक सज्जन’.

दुसरा मोठा लेखक आमच्या जबलपूरचा. अमृतलाल वेगड यांचं घराणं कच्छी गुजराती, जन्म १९२८चा इथलाच, चित्रकलेचं शिक्षण शांतिनिकेतनात, नंदलाल बसूंच्या हाताखाली. वयाच्या पन्नाशीला टेकल्यावर, २२ ऑक्टोबर १९७७ला, ते जबलपूरहून मंडल्याकडे चालत निघाले. पुढे वर्षानुवर्षं सुट्टी मिळेल तशी एकेक टप्प्यानं परिक्रमा करत राहिले. कधी विद्यार्थी सोबत, कधी मित्र, पुढे पत्नी कांताबेन. लिहिलं हिंदीत आणि गुजरातीत. ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ला २००४चा गुजरातीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका मराठी माणसानं हिमालय गुजरातीत लिहावा आणि एका गुजराती माणसानं नर्मदा हिंदीत लिहावी, हे या देशातल्या पायवाटांना शोभणारंच आहे.

वेगड श्रद्धाळू होते, पण त्यांच्या झोळीत स्केचबुक होतं. चित्रकाराला ‘एक म्हातारी’ काढता येत नाही. तिच्या पाठीचा बाक, हातातला हंडा, लुगड्याचा काचा हे पाहावंच लागतं. ही सवय त्यांच्या गद्यात उतरली. त्यांच्याकडे घाट, धबधबे, चांदणं यांच्यावर मुक्त मनानं लिहिलेली पानं आहेत, काही वेळा ती मला जास्तच गोड वाटतात. पण संध्याकाळ झाली की लेखक खाली उतरतो. कोणाच्या ओसरीवर टेकलो, कोण काय बोललं, ओझं उचलणाऱ्या सोबत्याची थट्टा कशी चालली, भाकरी कोणी भाजली, याला जागा असते. स्वतःवर हसण्याची तयारी असते. यजमान बोलतो तेव्हा त्याची बुंदेली थोडी तरी कानावर येते. मराठी पुस्तकांत मंडल्याचा गोंड, निमाडचा शेतकरी आणि बडवानीचा भिलाला बहुधा एकाच मोडक्या हिंदीत बोलतात, जणू १३१२ किलोमीटरभर एकच माणूस दार उघडतो आहे.

वेगड १९७७मध्ये ज्या वाटेनं मंडल्याकडे गेले, तिचा मोठा भाग आज पाण्याखाली आहे. जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी धरण १९९०मध्ये पूर्ण झालं. १६२ गावांना त्याची झळ लागली. त्या गावांतली कितीतरी माणसं जबलपुरात आली, मजुरीला लागली, सायकलरिक्षा ओढू लागली. संध्याकाळी दारात उभं राहून ‘कितनी मूर्ति?’ विचारणाऱ्या घरांतली ही माणसं. शहरात आल्यावर त्यांची मोजदाद ‘विस्थापित’ या एका शब्दात झाली. त्या खोऱ्यातल्या ओसऱ्या, घाट, संध्याकाळची बोलणी यांची काही खूण राहिली असेल तर ती अशा पानांवर. पीठ, चूल, ओसरी हे तपशील लिहिताना किरकोळ वाटतात. गाव बुडाल्यावर तेवढेच हाताला लागतात.

हीच गोष्ट पश्चिमेला, आणखी मोठ्या प्रमाणात, महाराष्ट्राच्या हद्दीत घडली. परिक्रमेतला सर्वांत दुर्गम डोंगराळ टप्पा म्हणजे शूलपाणीची झाडी. दक्षिण काठानं बडवानीपुढे सातपुडा सुरू होतो आणि वाट नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी, अक्कलकुवा तालुक्यांतून जाते. या झाडीत भिल्ल परिक्रमावासीयांना लुटतात, अंगावरचे कपडेही घेतात, अशी जुनी ख्याती. लुटणाऱ्यांना ‘मामा’ म्हणायचं आणि ही मैय्यानं घेतलेली परीक्षा समजायची, अशी रीत. मराठी पुस्तकांत हा टप्पा म्हणजे कळस. सगळं गेलं, मन रितं झालं, आता खरी परिक्रमा सुरू झाली, असं लेखक म्हणतो. ‘मामा’ हा शब्द मला प्रिय आहे, त्यात भयाला नात्यात बसवण्याची युक्ती आहे. पण मामाचं घर या पुस्तकांत क्वचितच येतं. एक जुनं धोतर, एक घोंगडी आणि दोन भांडी कोणाला लुटावीशी वाटतात, याचं उत्तर त्या घरात आहे.

आता सरदार सरोवराचं पाणी त्या दरीत भरलं आहे. महाराष्ट्रातली ३३ गावं त्यात सापडली, मणिबेली त्यांतलं आरंभीचं. जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ बुडालं, नवं गोऱ्याजवळ उभं राहिलं. वाट नदीपासून दूर, डोंगराच्या अंगावर सरकली. परिक्रमावासी आता या टप्प्यात दिवसचे दिवस चढउतार करतो आणि नदी त्याला क्वचितच दिसते. दिसते तेही तुंबलेलं पाणी. काही पुस्तकांत याची हळहळ आहे. ती हळहळ नदीच्या दर्शनाची आहे. ज्यांची शेतं गेली त्यांच्याच दारात आजही आसन लागतं, आणि तेच पुन्हा ‘कितनी मूर्ति?’ विचारतात, ही गोष्ट एखाद्या परिच्छेदात आली तरी त्या हळहळीचं वजन बदलेल.

याला एक आक्षेप आहे आणि तो मी गंभीरपणे घेते. काठावरचा देणारा स्वतःच नाव सांगत नाही. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, हा त्याचा धर्म. मग त्याचं नाव, त्याची गरिबी छापणं म्हणजे त्याचं दान उघडं पाडणं नव्हे का? त्यातून यजमानांची यादी झाली, तर ज्यांनी दिलं नाही त्यांचीही होईल. हे खरं आहे. पण नाव झाकायचा हक्क देणाऱ्याचा. आणि मी नावं मागत नाही, काम मागते आहे. पाणी किती लांबून आणलं, ओलं सरपण पेटायला किती वेळ लागला, घरातलं कोण शेवटी जेवलं. यासाठी कोणाचंही नाव लागत नाही. मराठीत याची जुनी उदाहरणं आहेत. विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेत गेले, वाटेत पुन्हा पुन्हा लुटले गेले, आणि आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन परतले. १९०७मध्ये छापल्या गेलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये हा भिक्षुक इतिहास सांगायला निघालेला नाही. पण पैसा, दक्षिणा, तहान, भूक यांच्यावर त्याची नजर पक्की आहे, म्हणून त्याचं पुस्तक टिकलं. पोटाचा हिशेब ठेवल्यानं त्याची श्रद्धा कुठे उणी झालेली नाही.

स्त्रिया चालू लागल्यावर हा हिशेब आपोआप येईल, अशी माझी अपेक्षा होती. ती अर्धीच पुरी झाली. चूल ज्यांनी रोज पाहिली आहे त्यांची नजर स्वयंपाकघरात जाते, हे भारती ठाकूर यांच्या ‘नर्मदा परिक्रमा – एक अंतर्यात्रा’सारखं पुस्तक वाचताना जाणवतं. पण शीर्षकातला ‘अंतर्यात्रा’ हा शब्द लेखनाला आत ओढत राहतो. या लेखिकेच्या बाबतीत बाहेरची बाजू पुस्तकानंतर पुरी झाली : त्या निमाडात काठावर राहायला गेल्या आणि ‘नर्मदालय’ या नावानं तिथल्या मुलांसाठी शाळा सुरू केल्या. भाकरी घेऊन येणाऱ्या मुलीच्या शाळेचा प्रश्न कोणीतरी विचारला, तो असा. हे उत्तर जगण्यातून आलं. साहित्यातून ते अजून यायचं आहे.

कारण एक पुस्तक अजून माझ्या वाचनात आलेलं नाही : दाराच्या आतल्या बाजूनं लिहिलेलं. शूलपाणीच्या झाडीत आंदोलनाच्या जीवनशाळांमधून शिकलेली मुलं आज मोठी झाली आहेत. त्यांना पावरी, भिलोरी, मराठी आणि हिंदी येते. त्यांच्या पडव्यांमध्ये दरवर्षी दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत अनोळखी माणसं झोपून जातात. चालणारा एका रात्रीत निघून जातो आणि पुस्तक लिहितो. थांबणाऱ्यानं मात्र शेकडो चालणारे पाहिलेले असतात. कोण दोन टिक्कडांवर उठतो, कोण गरम पाणी मागतो, कोण निघताना भांडं घासून ठेवतो, कोण जातीची चौकशी करून मग ताटावर बसतो, हे त्याला पाठ असतं. परिक्रमेची खरी समीक्षा त्याच्याकडे तयार आहे. ती कोणी लिहिली तर अनुवादाला मी बसेन, आणि ‘मूर्ति’ हा शब्द तसाच ठेवीन. त्या पानावर तो कोणत्या सुरात येतो ते मला ऐकायचं आहे.

तोवर परिक्रमेचं नवं पुस्तक हातात आलं की मी आधी कळसाची पानं उघडत नाही. कुठलाही एक साधा मुक्काम काढते, ज्या रात्री काहीच घडलं नाही असा. आणि ‘सोय झाली’च्या जागी त्या लेखकानं काय लिहिलं आहे ते पाहते.